कोस, मैल आणि ‘भोकरदन’: अंतराच्या एका शब्दाने मला काय शिकवलं

फिल्डवर्कच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. भोकरदनच्या पूर्वेला, असईच्या बाजूला जायचं होतं. एसटीतून उतरलो आणि टपरीवरच्या एका आजोबांना विचारलं, ‘‘बाबा, असई किती लांब हाय इथून?’’ ते म्हणाले, ‘‘हे काय, जवळच. हाकेवर.’’ मी चालायला लागलो. पाऊण तास झाला तरी गाव येईना. रस्त्यात भेटलेल्या दुसऱ्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘आलंच की आता, एक कोसभर ऱ्हायलं.’’

मी एम.एस्सी. केलेला माणूस. आमच्याकडे उत्तरात एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क जायचा. त्यामुळे त्या दिवशी वहीत मी जरा चिडूनच लिहिलं, ‘ग्रामीण भागात अंतराचा अंदाज चुकीचा सांगितला जातो.’ आज ते वाक्य वाचलं की लाज वाटते. चूक आजोबांची नव्हती. मी विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी बरोबर उत्तर दिलं होतं, मला ते वाचता आलं नाही.

ज्यांना पेट द्यायची आहे, जे सिनॉप्सिस लिहीत आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. विषय इतिहासाचा असला तरी धडा सगळ्यांनाच लागू आहे. जुन्या कागदात किंवा माणसाच्या तोंडी अंतर आलं, तर ते कसं वाचायचं? आणि ते वाचताना मी स्वतः कुठे घसरलो, तेही सांगतो.

कोस म्हणजेच हाक

आधी शब्दाकडे बघू. ‘कोस’ हा शब्द संस्कृतातल्या ‘क्रोश’वरून आला. क्रोश म्हणजे ओरडणं, हाक. ‘आक्रोश’मध्ये तोच धातू आहे. म्हणजे कोस हे मुळात हाकेचंच अंतर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात याच्या जोडीला ‘गोरुत’ असा शब्द येतो. गोरुत म्हणजे गाईचं हंबरणं, आणि अशी चार गोरुतं मिळून एक योजन. गाय हंबरली तर जिथवर ऐकू जाईल, तेवढं अंतर! उत्तरेत ‘गौकोस’ हा शब्द इंग्रजी अमदानीपर्यंत चालत होता.

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त याहून गमतीची मापं सापडतात. तो सांगतो की काही ठिकाणी माणूस एका दमात जितकं पळेल तितकं अंतर धरतात. काही ठिकाणी हिरवं पान डोक्यावर ठेवून चालायला लागायचं आणि ते वाळेपर्यंत जितकी वाट सरेल तितकं. आपल्याकडे ‘एक विडी ओढून होईस्तोवर पोचाल’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आता विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वाटेल, ही काय मापं झाली? पण जरा थांबा. पान वाळायला किती वेळ लागतो हे उन्हावर अवलंबून आहे. चालणाऱ्याचा वेगही उन्हावरच अवलंबून आहे. म्हणजे हे माप लांबी सांगत नाही, वाट चालण्याचे कष्ट सांगतं. चढाची वाट असेल तर त्याच लांबीचे कोस जास्त भरतात. ज्याला पायीच जायचंय, त्याच्या दृष्टीने हे माप उपयोगाचं नाही असं म्हणता येईल का?

बरं, राजांना मात्र असा लवचीक कोस चालत नव्हता. अकबराच्या काळात कोस ५,००० गजांचा ठरवला गेला. मुघल रस्त्यांच्या कडेला जे कोसमिनार उभे राहिले, त्यातले काही आजही उत्तर भारतात शाबूत आहेत. त्यांच्यामधलं अंतर अडीच मैलांच्या आसपास भरतं. पण गावातला कोस तसाच राहिला, कुठे दीड मैल, कुठे दोन, कुठे अडीच. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ असं आपण म्हणतो. खरं तर बारा कोसांवर कोसही बदलत होता.

मैलवाल्यांची बाजू

मग इंग्रज आले आणि त्यांनी नेमकं माप आणलं, असं आपण पटकन लिहून टाकतो. मीही लिहिलं होतं. पण त्यांच्या शब्दांची मुळं उकरली तर तिथेही शरीर, शेत आणि बैलच निघतात. ‘मैल’ हा शब्द रोमन लोकांच्या ‘हजार पावलां’वरून आला. डावा पाय टेकल्यापासून पुन्हा डावा टेकेपर्यंत त्यांचं एक पाऊल, अशी हजार. ‘फर्लांग’ म्हणजे नांगराच्या एका तासाची लांबी. बैलजोडी न थांबता जितकी लांब सरी ओढेल तितकी. आपले आजोबा ‘फर्लांगभर’ म्हणतात, तेव्हा नकळत विलायतेतल्या कुठल्या तरी बैलांची दमछाक सांगत असतात. १५९३ साली इंग्लंडच्या कायद्याने आठ फर्लांगांचा, म्हणजे ५,२८० फुटांचा मैल पक्का केला. फरक पडला तो कायद्याने. त्यांची मापं जन्मापासून नेमकी नव्हती.

आणि बोलण्यात तर तेही आपल्यासारखेच. एखादी जागा जवळ आहे हे सांगताना इंग्रजी बोलणारा माणूस ‘दगड फेकला तर पडेल इतक्यावर’ म्हणतो. प्रत्यक्षात कुणीही दगड फेकून बघत नाही. तो पन्नास मीटरलाही तेच म्हणतो आणि घर विकायचं असेल तर स्टेशनपासून दोन किलोमीटरलाही तेच. सरळ रेषेतलं अंतर सांगायचं तर ‘कावळा उडत जाईल तसं’ म्हणतो. लष्करी पत्रांत ‘बंदुकीच्या टप्प्यात’, ‘तोफेच्या टप्प्यात’ असं येतं. हे शब्द वाचताना लक्षात ठेवायचं की ते अंतर सांगत नाहीत, त्या अंतराचं काय करता येईल ते सांगतात. टप्प्यात आहे म्हणजे मारता येईल. हाकेवर आहे म्हणजे बोलावता येईल, अडीनडीला माणूस धावून येईल. टपरीवरच्या आजोबांच्या दृष्टीने असई ‘हाकेवर’च होती. तिथली माणसं त्यांच्या रोजच्या येण्याजाण्यातली होती.

२३ सप्टेंबर १८०३

आता मुख्य गोष्ट. १८०३च्या सप्टेंबरात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा आजच्या जालना जिल्ह्यात होत्या. त्यांच्यामागे कंपनीच्या दोन फौजा लागल्या होत्या, एक आर्थर वेलस्लीची, दुसरी कर्नल स्टीव्हन्सनची. २१ सप्टेंबरला दोघांची बदनापूरला गाठ पडली. वाटा डोंगरातून जाणाऱ्या, अरुंद. सगळी फौज एकाच वाटेने काढली तर वेळ जाणार आणि शत्रू दुसऱ्या वाटेने निसटणार. म्हणून असं ठरलं की स्टीव्हन्सनने पश्चिमेच्या वाटेने जायचं, वेलस्लीने पूर्वेच्या, आणि २४ तारखेला सकाळी दोघांनी मिळून हल्ला करायचा.

शत्रूचा तळ कुठे आहे? हरकाऱ्यांनी बातमी आणली, भोकरदनला.

त्या हिशेबाने वेलस्लीने २३ तारखेचा मुक्काम इंग्रजी कागदांतल्या ‘नौलनिया’ला, म्हणजे नळणीला, ठरवला. तिथून शत्रू बारा-चौदा मैल राहील, रात्री विश्रांती, सकाळी हल्ला. सुमारे १४ मैलांची कूच करून तो दुपारच्या आत तिथे पोचला आणि कळलं की शत्रू सहा मैलांवरच आहे. स्टीव्हन्सन अजून लांब. मागे फिरावं तर मराठी घोडदळ अंगावर येणार, थांबावं तर तळच धोक्यात. त्याने त्याच दिवशी, एकट्याच्या फौजेनिशी लढायचं ठरवलं. केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, असईच्या शिवारात जी लढाई झाली, तिच्यात कंपनीचे ठार आणि जखमी मिळून दीड हजारांहून जास्त लोक गेले. मराठी बाजूची किती माणसं पडली, त्याचे आकडे आपल्याकडे बहुतेक इंग्रजांच्याच अंदाजाने आलेले आहेत. स्टीव्हन्सनची फौज पोचली ती दुसऱ्या दिवशी, सगळं संपल्यावर.

म्हणजे बारा-चौदा मैल आणि सहा मैल यांतल्या फरकाची ही किंमत. हा फरक आला कुठून?

माझा सुंदर तर्क

इथे माझं डोकं चाललं. बारा किंवा चौदा! सहा कोस म्हणजे बारा मैल, सात कोस म्हणजे चौदा. हरकाऱ्यांनी ‘सहा-सात कोस’ सांगितलं असणार, इंग्रजांनी ठरलेल्या रिवाजाने दोनाने गुणलं असणार, आणि या भागातला कोस आखूड असणार. म्हणून अंतर फुगलं. किती बेमालूम बसतंय बघा! आकडेही जुळतात, भाषाही जुळते, आणि सिनॉप्सिसला शीर्षकही मिळतं. मी दोन पानं लिहून काढली. जेम्स रेनेलचा आधारही जोडला. त्याने अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानचा नकाशा करताना प्रवाशांनी सांगितलेले कोस मैलात बदलण्यासाठी बरंच डोकं खर्च केलं होतं आणि सरासरी कोस दोन मैलांपेक्षा किंचित कमी धरला होता.

सरांनी पानं वाचली आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘वेलस्लीने स्वतः काय कारण दिलंय?’’

मी पाहिलंच नव्हतं. कारण मला उत्तर आधीच आवडलं होतं.

वेलस्लीने १ नोव्हेंबर १८०३ रोजी थॉमस मन्रोला लांबलचक पत्र लिहिलं. मन्रोने त्याच्या निर्णयावर शंका घेतल्या होत्या, त्यांना हे उत्तर होतं. ते पत्र छापील आहे, सहज मिळतं. त्यात तो कोसाचं नावही काढत नाही. तो म्हणतो त्याचा आशय असा: आम्हाला इथल्याच माणसांना हरकारे म्हणून ठेवावं लागतं आणि त्यांच्या बातमीवर विसंबावं लागतं. सगळ्यांनी तळ भोकरदनला असल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात तळाची उजवी बाजू भोकरदन गावाकडे होती, पण डावी बाजू पूर्वेला सहा मैलांहून पुढे, थेट असईपर्यंत पसरली होती. हा सगळा मुलूख भोकरदन परगण्यातच मोडत होता, आणि तिथेच गैरसमज झाला.

वाचलं आणि माझी दोन पानं गेली. चूक मापात नव्हतीच, ती नावात होती. ‘भोकरदन’ हे गावाचंही नाव आणि परगण्याचंही. हरकाऱ्याने परगणा सांगितला, साहेबाने गाव ऐकलं. हरकाऱ्याने एक क्षेत्र सांगितलं, साहेबाने नकाशावर एक बिंदू मांडला.

बघा, हरकारा खोटं बोलला नाही. त्याची बातमी शंभर टक्के खरी होती. तुम्ही परतूरचे असा, अंबडचे असा, पुण्याच्या होस्टेलवर कुणी विचारलं की ‘‘कुठले?’’ तर काय सांगता? ‘‘जालन्याचा.’’ समोरचा लगेच म्हणतो, ‘‘अरे वा, स्टील आणि मोसंबी!’’ आणि मनात जालना शहर धरतो. तुम्ही खोटं बोललेले नसता, पण त्याने तुमचं घर कित्येक किलोमीटर सरकवलेलं असतं. गाव, तालुका आणि जिल्हा यांचं नाव एकच असण्याची ही आपली पद्धत अजून तशीच आहे.

एक इशारा: पत्रही साक्षच आहे

पण मग वेलस्लीचं पत्र आलं आणि प्रश्न सुटला, असंही समजू नका. ते पत्र टीकेला उत्तर म्हणून लिहिलेलं आहे. चूक झाली ती माहितीमुळे, माझ्या अंदाजामुळे नाही, हे सांगण्यात लिहिणाऱ्याचं हित आहे. आणि ज्या हरकाऱ्यांवर ती चूक ढकलली, त्यांचं म्हणणं त्या पत्रात कुठेच नाही.

त्याच लढाईची दुसरी गोष्ट बघा. वाटाड्यांनी नदीला उतार नाही असं सांगितलं. वेलस्लीला मात्र पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोरच्या काठांवर दिसली. दोन गावं अशी समोरासमोर आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच, असं त्याने ताडलं आणि तो खरोखर सापडला. गोष्ट छान आहे, प्रत्येक पुस्तकात येते. पण ती आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः त्याने पुढे म्हातारपणी सांगितलेल्या आठवणींतून. दोन्ही ठिकाणी एकच साचा दिसतो: स्थानिक माणूस चुकला, साहेबाने निभावलं. साचा दिसला म्हणजे गोष्ट खोटी ठरत नाही. पण साचा दिसला की पेन्सिलने समासात एक खूण करायची, एवढी सवय लावून घ्या.

मग परगण्याचं कारण मी तरी का मान्य केलं? कारण ते दुसऱ्या बाजूनेही तपासता येतं. भोकरदन परगण्याचं ठाणं होतं, असई त्याच्या पूर्वेला, आणि फौजेचा तळ इतका मोठा की तो एका गावात मावणारच नाही. बिंदू म्हणून सांगता येईल अशी ती गोष्टच नव्हती. माझ्या कोसाच्या तर्काला मात्र ‘आकडे जुळतात’ यापलीकडे काही नव्हतं. आकडे जुळणं हा पुरावा नसतो, ती शोधाची सुरुवात असते.

मापं पुढे पक्की झाली, माणसं नाही

याच काळात दक्षिणेत मापनाचं प्रचंड काम चालू झालं होतं. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत आली. पुढे हेच काम महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण म्हणून ओळखलं गेलं. लॅम्बटन १८२३ साली आपल्या विदर्भात, हिंगणघाटला वारला. १९०० च्या सुमाराला मनमाड-हैदराबाद मीटरगेज रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि अंतर तासांत सांगायची सवय लागली. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. आपण त्यांना अजून ‘मैलाचे दगड’च म्हणतो, हा भाग वेगळा.

मापं बदलली, पण भोकरदनचा घोळ संपला नाही, उलट तो आता संगणकात शिरला आहे. मी जुन्या नोंदी नकाशावर बसवायला घेतल्या तेव्हा सॉफ्टवेअर काय करत होतं? ठिकाणाच्या रकान्यात ‘जालना’ दिसलं की शहराच्या मधोमध टिंब ठेवत होतं. कुणी शेतकरी, कुणी वनस्पतीचा नमुना, कुणी शिलालेख, सगळे एकाच चौकात! आणि दोन दशांश नाही, सहा दशांश आकड्यांपर्यंत अक्षांश-रेखांश देत होतं. वेलस्लीची चूक, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

इतिहासवाल्यांनीच नाही, वनस्पतिशास्त्र, भूशास्त्र, सार्वजनिक आरोग्य असे विषय घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात होते, आणि परतूर परभणीत. म्हणजे १९७५ च्या नमुन्यावर ‘औरंगाबाद जि.’ लिहिलेलं असेल, तर तो आजच्या जालन्यातला असू शकतो. तुम्ही तो आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या यादीत टाकलात, तर तुमची यादी चुकली आणि जालन्याचीही.

वहीत लिहून ठेवा

जुन्या कागदात किंवा मुलाखतीत अंतर आलं की मी आता पाच प्रश्न लिहितो. तुमच्या विषयाप्रमाणे बदलून घ्या.

१. हे कुणाच्या तोंडचं आहे? मोजणाऱ्याच्या, चालणाऱ्याच्या, की ऐकून लिहिणाऱ्याच्या?

२. कुठपासून कुठपर्यंत? गाव म्हणजे वेस, तळ, शिवार, तालुका की परगणा?

३. वाटेने की सरळ रेषेत? डोंगराळ भागात या दोनात खूप फरक पडतो.

४. एकक त्या जागी, त्या काळी किती होतं? सरसकट ‘१ कोस = ३.२ कि.मी.’ असं कोष्टक लावू नका. मूळ शब्द एका रकान्यात जसाच्या तसा ठेवा, तुमचं रूपांतर दुसऱ्या रकान्यात, आणि किती कमीजास्त होऊ शकतं ते तिसऱ्यात. मूळ शब्द पुसलात तर नंतर चूक दुरुस्त करता येत नाही.

५. हे अंतर सांगून सांगणाऱ्याला काय साधायचं होतं? धीर द्यायचा होता, टाळायचं होतं, की स्वतःचा बचाव करायचा होता?

आणि सहावा प्रश्न स्वतःसाठी: माझं उत्तर मला फार आवडलंय का? आवडलं असेल तर ते मोडू शकेल असा कागद आधी शोधा. मला माझ्या सरांनी शोधायला लावला, तो आरआरसीपुढे कुणी काढला असता तर काय झालं असतं, याचा विचार करूनच घाम फुटतो.

राहिले टपरीवरचे आजोबा. मागच्या महिन्यात पुन्हा तिकडे गेलो होतो. या वेळी ‘किती लांब’ असं विचारलंच नाही. विचारलं, ‘‘बाबा, पायी निघालो तर जेवायच्या वेळेला पोचंन का?’’ त्यांनी आधी उन्हाकडे बघितलं, मग माझ्या बुटांकडे. म्हणाले, ‘‘तुम्ही? तुम्हाला दीड तास लागंल. आमाला तासभर.’’

एक तास बत्तीस मिनिटं लागली. घड्याळ लावून मोजलं.